चिखलकाल्यात होल्गा आणि इन्स्टॅक्स: दोष कॅमेऱ्याचा, पावसाचा की माझा?

माशेलवासी

नमस्कार. गेल्या वर्षी आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी गोव्यातल्या आमच्या माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानावर चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, भरला, तेव्हा मी मोबाइल मुद्दाम घरी ठेवून, खांद्याला होल्गा १२०एन हा प्लास्टिकचा फिल्म कॅमेरा आणि गळ्यात लगेच कागदावर फोटो देणारा इन्स्टॅक्स मिनी ९ अडकवून गेलो होतो. हाती जे लागले ते खाली प्रामाणिकपणे मांडतो, आणि त्यातला कोणता दोष कोणाच्या पदरात घालावा, हे जाणकारांनी सांगावे, अशी विनंती करतो.

होल्गात आयएसओ १००चा, म्हणजे उजेडाला कमी संवेदनशील असा, रंगीत रोल होता. तो कुरिअरने मुंबईला धुवायला पाठवला आणि तीन आठवड्यांनी १२ चौकटींची निगेटिव्ह परत आली. पहिल्या तीन चौकटी पूर्ण कोऱ्या होत्या. त्यानंतरच्या बहुतेक छापल्यावर इतक्या अंधारलेल्या निघाल्या, की चिखलातली पोरे आणि मागची गर्दी यांत फरक करता येत नव्हता. एका चौकटीत चिखलात घसरणारा मुलगा आणि आमच्या आत्याच्या घराचा सोपा एकमेकांत मिसळलेले आहेत. ते दृश्य वाईट नाही, पण ते मी ठरवून केलेले नाही. शेवटच्या चार चौकटींवर एका कडेने नारिंगी रंगाची झळ पसरलेली आहे.

इन्स्टॅक्सच्या दहा कागदांपैकी चार आदल्या रात्री परवानगी घेऊन सभामंडपात भजनाच्या वेळी खर्ची पडले. त्या चारही फोटोंत टाळकऱ्यांचे चेहरे पिठासारखे पांढरे आणि मागे काळोख आहे. दुसऱ्या दिवशीच्या दोन फोटोंवर गोल, पांढरे, धुरकट ठिपके आले. मग आत पाणी गेले की काय, या शंकेने मी मागचे झाकण क्षणभर उघडून पाहिले. त्यानंतर निघालेला कागद पांढराफटक होता, आणि उरलेल्या तीनपैकी दोनांच्या कडा उडालेल्या होत्या.

काल्याला अजून महिनाभर अवकाश आहे. माझ्याकडे होल्गाच्या १२० मापाचे दोन रोल घेण्याइतके पैसे आणि इन्स्टॅक्सची दोन पाकिटे आहेत. ‘चांगला कॅमेरा घ्या’ हा सल्ला कृपया देऊ नये. चांगला कॅमेरा घरी आहे, आणि त्याने काढलेले काल्याचे फोटो मी दुसऱ्यांदा कधीच पाहत नाही.

काळी चिकटपट्टी

तुमच्या यादीतला एकच दोष पावसाच्या नावावर लावता येईल, आणि तोही अर्धाच. आधी होल्गाकडे वळतो, इन्स्टॅक्सबद्दल दुसरे कोणी लिहितील.

पहिल्या तीन कोऱ्या चौकटी म्हणजे भिंगावरची टोपी. होल्गाच्या व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, दिसणारे दृश्य भिंगातून येत नाही, त्यामुळे टोपी तशीच असली तरी डोळ्याला सगळे सुरळीत दिसते, शटरचा आवाजही होतो, आणि फिल्मवर मात्र काहीच उमटत नाही. होल्गा वापरणाऱ्या प्रत्येकाने ही दक्षिणा एकदा दिलेली असते. ती टोपी आजच कपाटाच्या खणात टाका आणि पुन्हा बाहेर काढू नका.

अंधाराचा हिशेब थोडा सविस्तर सांगायला हवा. या कॅमेऱ्याचा शटरवेग सुमारे १/१०० सेकंद एवढाच असतो, आणि भिंगाचे छिद्र कागदोपत्री एफ/८ असले तरी प्रत्यक्षात ते एफ/१३च्या आसपास भरते (हा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान). त्यावरचा ऊन आणि ढग असा खटका जुन्या होल्गांमध्ये फिरवला तरी छिद्रात काही फरक पडत नाही, हे तर प्रसिद्धच आहे. कडक उन्हात एफ/१६ आणि आयएसओच्या आकड्याइतका शटरवेग, हा आपला जुना ठोकताळा धरला, तर आयएसओ १००चा रोल मे महिन्यात मिरामारच्या वाळूवर अगदी बरोबर बसतो. आषाढातल्या दाट ढगांखाली उजेड त्यापेक्षा तीन पायऱ्यांनी उतरतो (दर पायरीला उजेड निम्मा), आणि तिथे तुमचा रोल सुमारे अडीच पायऱ्या उपाशी राहिला. आयएसओ ४००चा रोल घातला असता, तर हीच तूट अर्ध्या पायरीवर आली असती, आणि तेवढी निगेटिव्ह सहज सोसते. झाडाखाली किंवा देवळाच्या पागोळीत उभे राहून काढणार असाल, तर रोल धुवायला देताना चिठ्ठीवर एक पायरी वाढवून धुवायला सांगा. माझे मत विचाराल, तर काल्यासाठी ४००चा कृष्णधवल रोलच घ्यावा. चिखलाला एकच रंग असतो, तो आपण पाहिलेलाच आहे.

(हा कॅमेरा १९८२ साली हाँगकाँगला बाजारात आला, आणि त्याचे नाव कँटनी भाषेतल्या ‘खूप उजेड’ या अर्थाच्या शब्दांवरून पडले, असे सांगतात. ज्याला उजेड इतका लागतो, त्याचे नाव तेच असावे, याची मला गंमत वाटते.)

मिसळलेल्या चौकटीचे कारण असे, की होल्गात फिल्म पुढे सरकवणे आणि शटर दाबणे यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. चकती न फिरवता दहा वेळा शटर दाबलेत, तरी कॅमेरा तक्रार करणार नाही. म्हणून एकच सवय लावून घ्या: फोटो काढला, की हात खाली येण्याआधी मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत चकती फिरवायची. चहाला थांबल्यावर ‘फिरवली होती का?’ असा प्रश्न पडला, तर एक चौकट वाया घालवा, पण अंदाज बांधू नका. आणि एखादी मिसळण मुद्दाम करायची झालीच, तर दीपस्तंभ आधी आकाशावर घ्या, मग त्याच चौकटीवर माणसे घ्या. आकाश आधीच उजळून गेलेले असल्याने माणसे फक्त दीपस्तंभाच्या गडद भागातच नीट उमटतात, हे लक्षात ठेवून मांडणी करा.

आता नारिंगी झळ. रंगीत निगेटिव्हवर उजेड मागच्या बाजूने शिरला, तर लाल रंगाचा थर आधी गाठला जातो, आणि म्हणून फोटोत झळ नारिंगी-लाल येते. म्हणजे तुमचा उजेड मागून किंवा कडेने शिरला. तो लाल खिडकीतून शिरू शकतो, झाकणाच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या खिट्ट्या सैल झाल्या की फटींतून शिरू शकतो, आणि शेवटच्याच चार चौकटींवर असल्यामुळे माझा जास्त संशय तिसऱ्या जागेवर आहे. होल्गात फिल्म घट्ट गुंडाळली जात नाही, रोल शेवटी ढिला आणि पोटफुगा होतो, आणि बाहेर काढताना फिल्ममागच्या कागदाच्या कडांमधून उजेड आत जातो. रिळाखाली पुठ्ठ्याची घडी किंवा फोमचा लहान तुकडा सरकवून ताण द्या. रोल छत्रीखाली नव्हे, घरात जाऊन बदला. काढल्याबरोबर त्याला रबर लावून काळ्या पिशवीत टाका. खिट्ट्यांवर आणि झाकणाच्या पूर्ण घेरावर इलेक्ट्रिशियन वापरतात ती काळी चिकटपट्टी लावा; लाल खिडकीवर मात्र तिची उचलता येईल अशी झडप करा.

अंतराच्या चिन्हांकडेही लक्ष असू द्या. एक माणूस म्हणजे सुमारे १ मीटर, तिघे म्हणजे २ मीटर, घोळका म्हणजे ६ मीटर, आणि डोंगर म्हणजे १० मीटरच्या पुढचे सगळे. चिखलकाल्यात खिशातून कॅमेरा काढताना ही कडी आपोआप फिरते.

क्लिकथ्री

वरील विवेचन उत्तम आहे. मी फोंड्याचा, वयाने तुमच्या दोघांपेक्षा बराच मोठा, आणि माझ्या नावावरून ओळखले असेलच, की आमच्या घरी बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला आग्फा क्लिक थ्री होता. त्यातही हाच १२०चा रोल बसतो, त्याच १२ चौरस चौकटी मिळतात, आणि भिंग अगदी साधे असते. त्याला कोणी खेळण्यातला कॅमेरा म्हणत नसे. घरातल्या मुंजी, बारशी, बहिणीचे लग्न आणि वडिलांचा पासपोर्टखेरीजचा एकमेव फोटो त्यानेच काढलेला आहे.

त्या कॅमेऱ्याचे शटर होल्गापेक्षाही मंद होते, म्हणून वडिलांनी मला एक पद्धत शिकवली होती, ती तुम्हालाही उपयोगी पडेल. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घालून कॅमेरा पुढे ताणून धरायचा, कोपरे बरगड्यांना टेकवायची, श्वास अर्धा सोडून थांबायचे, आणि खटका दाबायचा नाही तर हळूहळू पिळायचा. प्लास्टिकच्या हलक्या कॅमेऱ्यात खटका जोरात दाबला, की कॅमेराच मान डोलावतो. तुमच्या अंधाऱ्या चौकटी नीट पाहिल्यात, तर त्यांतल्या एक-दोन हललेल्याही निघतील.

गोव्याच्या पावसाळ्याबद्दल एकच सांगतो. जून ते सप्टेंबर कॅमेरा चामड्याच्या पेटीत ठेवू नये; चामडे ओल धरते आणि बुरशी तिथूनच भिंगावर चढते. आमच्याकडे तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायची पद्धत होती, आणि त्यामुळे कोंड्याची पूड शटरमध्ये जाऊन दोन पावसाळ्यांनंतर ते अडकले. झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे सर्वांत सोपे. रंग बदलणारे दाणे मिळतात. ते ओलावले, की मंद आचेवर तव्यात परतून घ्यावेत, पुन्हा कामाला येतात. फिल्म फ्रिजमध्ये ठेवत असाल, तर पाकीट न फोडता किमान तासभर बाहेर ठेवा. थंडगार फिल्म आपल्या दमट हवेत उघडली, की तिच्यावर दव धरते. आणि काढलेला रोल महिना-महिना घरात पडू देऊ नका, कारण दमट हवेत मागच्या कागदावरचे आकडे फिल्मवर उमटलेले मी स्वतः पाहिले आहेत.

घाटमाथा

मतभेद नोंदवायचा नाही, पण प्रश्न पडतो. हा परिणाम मोबाइलच्या एखाद्या ॲपमध्ये क्षणात मिळतो, मग एवढा खटाटोप कशासाठी?

माशेलवासी

ॲपमध्ये टोपी काढायची विसरता येत नाही, एवढेच उत्तर सध्या सुचते. आणि इन्स्टॅक्सचा कागद समोरच्या माणसाला देऊन टाकता येतो. तुम्ही वापरून पाहावा.

चोडणची फेरी

शेवटच्या वाक्यासाठीच मी लिहायला बसले आहे. मी चार वर्षे कामासाठी रायबंदर-चोडण फेरीने ये-जा करते आणि पिशवीत हाच मिनी ९ असतो, म्हणून इन्स्टॅक्सचे मी सांगते.

मिनी ९चा शटरवेग ठरलेला, १/६० सेकंद. तुम्ही भिंगाभोवतीची कडी फिरवता, तेव्हा बदलते ते फक्त छिद्र: घराच्या चिन्हावर एफ/१२.७, ढगावर एफ/१६, विरळ ढगांच्या उन्हावर एफ/२२ आणि भर उन्हावर एफ/३२. फिल्म आयएसओ ८०० असते आणि फ्लॅश प्रत्येक वेळी पेटतो. तो बंद करता येत नाही. सभामंडपात तुम्ही टाळकऱ्यांच्या अगदी जवळ, हातभर अंतरावर उभे असणार. तिथे फ्लॅशने चेहरे जाळले, आणि मागच्या खांबांपर्यंत तो पोहोचलाच नाही, कारण त्याची मजल जेमतेम २.७ मीटर. पुढच्या वेळी दीड-दोन मीटरवर उभे राहा, आणि टाळकऱ्यांच्या पाठीशी पांढरी भिंत किंवा दुसरी रांग येईल अशी जागा निवडा, म्हणजे काळोखाऐवजी काहीतरी फ्लॅशला धडकेल. भिंगापासून ६० सेंटिमीटरच्या आत आलेला माणूस धूसरच येणार, हेही ध्यानात असावे.

गोल पांढरे ठिपके म्हणजे कॅमेऱ्यासमोरून पडणारे पावसाचे थेंब. ते जवळ असल्याने फ्लॅशमध्ये फुलतात. हाच तो पावसाचा अर्धा दोष. उपाय म्हणजे छत्री, पण ती दुसऱ्याने धरलेली आणि तुमच्या डोक्याच्या पुढे काढलेली. पारदर्शक पिशवीत कॅमेरा गुंडाळण्याचा सल्ला कोणी देईल. होल्गाला तो चालेल, इन्स्टॅक्सला नाही, कारण कागद बाहेर पडायची फट मोकळी असावी लागते. त्या फटीतून चिखलाचा एक कण जरी रूळांवर गेला, तरी पुढच्या प्रत्येक फोटोवर त्याच जागी डाग येत राहतो. कागदाच्या खालच्या जाड पट्टीत रसायनाच्या पिशव्या असतात, आणि रूळ त्या दाबून रसायन सगळीकडे सारखे पसरवतात. म्हणून पाकीट बदलताना, आत पाकीट नसताना, रूळ मऊ कोरड्या कापडाने पुसून घ्यावेत.

मागचे झाकण उघडण्याबद्दल मी काही बोलत नाही. ती चूक पुन्हा होत नसते.

व्ह्यूफाइंडर भिंगाच्या बाजूला असल्याने जवळचा चेहरा चौकटीच्या कडेला सरकतो. चेहरा मध्ये दिसला, की संपूर्ण कॅमेरा व्ह्यूफाइंडरच्या दिशेला दोन बोटे सरकवा आणि मगच दाबा. फोटो बाहेर आल्यावर हलवू नका, वाकवू नका. जुन्या, सोलून वेगळ्या करायच्या पोलरॉइडला वाळण्यासाठी हवा लागत असे, तेव्हाची ती सवय आहे. १९७२च्या एसएक्स-७० पासून सगळे रसायन बंद कागदाच्या आतच असते, आणि हलवून काही लवकर होत नाही. मिनीला सुमारे दीड मिनिट लागते. तेवढा वेळ तो वहीत किंवा सदऱ्याच्या खिशात सपाट राहू द्या.

या दीड मिनिटातच सगळे घडते. गेल्या श्रावणात फेरीवर मासळीची पाटी घेऊन बसणाऱ्या एका बाईला मी विचारून तिचा फोटो काढला आणि कागद तिच्याच हातात दिला. तिने पांढऱ्या चौकटीकडे पाहिले, उलटवून पाहिले, आणि म्हणाली, “हातूंत कितेंच ना मरे!” मी म्हटले, “बाय, चोडण येईपर्यंत थांब.” धक्क्याला फेरी टेकायच्या सुमारास आधी तिच्या कपाळावरचे कुंकू उमटले, मग पाटीची कड, मग चेहरा. तिने तो पाटीवरच्या ओल्या गोणपाटाखाली न ठेवता कमरेच्या पिशवीत, सुट्ट्या पैशांबरोबर ठेवला. तेव्हापासून मी ज्यांचा फोटो काढते, त्यांना पहिला कागद देते आणि माझ्यासाठी दुसरा काढते. दहा कागदांत पाचच माणसे होतात, हे खरे आहे. पणजीच्या मळा भागात, जुन्या रंगीत घरांच्या गल्लीत, दारासमोर न विचारता फोटो काढणाऱ्यांना लोक वैतागलेले आहेत. तिथेही असा कागद पुढे केल्यावर माझ्याशी कोणी रागाने बोललेले नाही.

घाटमाथा

पटले. माझा दुसरा प्रश्न व्यवहाराचा आहे: मी पुण्याहून विमानाने गोव्याच्या मोपा विमानतळावर उतरणार आहे आणि बरोबर इन्स्टॅक्सची पाकिटे असतील. तपासणीच्या यंत्राने ती खराब होतील का?

काळी चिकटपट्टी

सामानात देऊ नका. तिथली किरणे जास्त तीव्र असतात. हातातल्या पिशवीत ठेवा आणि हाताने तपासण्याची विनंती करा. साधी जुनी यंत्रे आयएसओ ८००ची फिल्म एखाद-दुसऱ्या वेळी सोसते. नव्या सीटी पद्धतीच्या यंत्रांतून मात्र ती एकदाही जाऊ नये. नकार मिळाला, तर वाद घालण्यात अर्थ नाही.

माशेलवासींना आणखी एक सुचवतो. प्रत्यक्ष चिखलात उतरायचे असेल, तर एकदाच वापरायचा पाण्यातला कॅमेरा मिळतो. कोडॅकचा असा कॅमेरा १५ मीटर खोलीपर्यंत चालतो, आत आयएसओ ८००ची २७ फोटोंची फिल्म असते. सांजांवच्या सणाला विहिरीत उडी मारणाऱ्या मुलांबरोबर मी तो पाण्यात नेला आहे. कडेवरून होल्गा आणि आतून तो, अशी वाटणी करता येईल.

माशेलवासी

काला होऊन महिना झाला, निगेटिव्ह काल आल्या, म्हणून अहवाल देतो.

कृष्णधवल ४००चा रोल जवळजवळ तंतोतंत बसला. पहिल्या रोलच्या १२ पैकी ९ चौकटी वाचता येतात. दोन हलल्या, कारण खटका पिळण्याऐवजी मी दाबला. दीपस्तंभाची मिसळण केली. आकाश पांढरे आणि दीपस्तंभाच्या काळ्या उभ्या पट्ट्यात खालपासून वरपर्यंत पोरांचे दात तेवढे चमकतात, बाकी काही नाही. मला ती फार आवडली, आत्याला अजिबात नाही.

इन्स्टॅक्ससाठी पुतण्याला छत्री धरायला नेले. त्याने ती अर्धा वेळ स्वतःवरच धरली, तरी ठिपके एकाच फोटोवर आले. भजनाच्या रात्री दोन मीटर मोजून उभा राहिलो, मागे दुसरी रांग येऊ दिली, आणि सगळे चेहरे जागेवर राहिले. दोन पाकिटांतले नऊ कागद वाटले. एका खेळाडूने चिखलाच्या बोटांनी पांढरी पट्टी धरली, तो अंगठ्याचा ठसा फोटोवर तसाच वाळला. मी पुसायला रुमाल काढला, तर त्याने फोटो मागे घेतला.

दुसऱ्या रोलवर मात्र पाचव्या चौकटीपासून कडेला पुन्हा काळी झळ आहे, म्हणजे निगेटिव्हवर काळी आणि फोटोत पांढरी. कारण सापडले आहे. खेळायला उतरण्याआधी ही मंडळी अंगाला तेल चोपडतात, आणि त्यांतल्या एकाने “दाखव रे, हा खेळण्याचा कॅमेरा आहे का” म्हणून होल्गा दोन्ही हातांत घेतला होता. घरी येऊन पाहिले, तर झाकणावरची चिकटपट्टी तेलाने सुटून कानासारखी उभी राहिलेली होती. तेलावर टिकणारी पट्टी कोणती, एवढे सांगावे.

काळी चिकटपट्टी

कापडी टेप, दोन थर. आणि कॅमेरा दाखवायचाच असेल, तर तो आपल्या हातातून सोडू नये.